रविवार मागायला चला

पायातल्या वहाणा काढा. मनगटावरचं घड्याळही उतरवा; ते इथं कुणाकडेच नाही आणि पुढचं सगळं रामायण त्यापायीच आहे. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी. आता गिरणीच्या फाटकाबाहेर, या धुळीतच, आडवे व्हा. लाजू नका. डावीकडे साताऱ्याकडचा एक पोरगा पाय पोटाशी घेऊन झोपलाय, उजवीकडे रत्नागिरीचे तात्या घोरतायत. मुंबई, चिंचपोकळी, १८९० सालचा एप्रिल. उजाडायला अजून बराच अवकाश आहे.

चाळीत अंथरूण असताना ही मंडळी रस्त्यावर का निजली आहेत? गिरणीत विजेचे दिवे यायचे आहेत. सूर्य उगवला की यंत्रं सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात त्याचे तेरा तास होतात. पण सूर्य कधी उगवणार हे झोपेतल्या माणसानं ओळखायचं कसं? मध्यरात्री जाग येते, चांदणं लख्ख पडलेलं असतं, उजाडलं असं वाटून माणूस धावत सुटतो. उशीर झाला तर दंड, लवकर पोचला तर फाटकाशी झोप. त्यातल्या त्यात दुसरं परवडतं.

भोंगा वाजतो तो थेट छातीत घुमतो. उठा. मागून लोंढा येतोय, थांबलात तर पायाखाली जाल. शेकडो अनवाणी पाय, घामाचा आणि तंबाखूचा वास, कुणाची तरी कोपरं तुमच्या बरगड्यांत. फाटक ओलांडलं की कोळशाचा धूर, आणि साचेखात्याचं दार उघडलं की आवाज. त्याला आवाज म्हणणंही कमीच आहे. पायाखालची जमीन थरथरते, दात एकमेकांवर आपटतात. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि असे शेकडो साचे एकाच वेळी. बोलू नका, वाया जाईल. इथं ओठ वाचतात. पलीकडे रीळखात्यातल्या बायका नुसत्या हातवाऱ्यांनी अख्खं भांडण भांडतात आणि संध्याकाळी त्याच खुणांनी मिटवूनही टाकतात.

खिडकी उघडायला जाऊ नका. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून इथली हवा मुद्दाम दमट ठेवतात. बाहेर वैशाखवणवा, आत वाफ. खळीचा आंबूस वास नाकात बसतो, त्यात चरबी आणि यंत्राचं तेल. थोड्या वेळात तुमच्या भुवया पांढऱ्या होतात, कापसाचं तूस पापण्यांवर साचतं, घशात खाज सुटते. पायांमधून एक पोर सरपटत जातं. वय विचारू नका. सात वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात ठेवायचं नाही, असा १८८१ पासून कायदा आहे. म्हणजे सातवं सरलं की चालतं. ह्या पोराला कोणी विचारलं तर ते सात म्हणतं. गेल्या वर्षीही सातच म्हणालं होतं.

दुपारची सुट्टी अजून मागण्यांच्या यादीत आहे. तोवर एका हाताने साचा सांभाळत दुसऱ्या हाताने भाकर मोडायची. चटणीवर तूस पडतं. काढत बसलात तर जेवण राहील. तात्यांच्या कानाला तोंड लावून तुम्ही ओरडून विचारता, "तात्या, रविवारी काय करता?"

तात्या चावता चावता थांबतात. तुम्ही काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

"करायचं काय? इथंच असतो."

सण असला, वर्षातून मोजक्या वेळा गिरणी थांबली, तरी सकाळी यंत्रं पुसायला यावंच लागतं. आठवड्यातला एक दिवस आपला, हे कुणी नाकारलंय असं त्यांना वाटत नाही. त्यांच्या डोक्यात ती गोष्टच नाही. आणि मला तुम्हाला इथं आणायचं होतं ते याचसाठी. नसलेली गोष्ट माणसाच्या डोक्यात येते कशी, ते बघायला.

सूर्य बुडाला. कान बधिर झालेत, ते दोन तास तसेच राहतील. या, मावशींच्या खाणावळीत. एक अंधारी खोली, तीत वीस-पंचवीस माणसं मांडीला मांडी लावून. तव्यावर सुके बोंबील चरचरतायत, रॉकेलच्या चिमणीचा धूर डोळ्यांत जातोय. बाहेरून घोड्यांच्या ट्रामची घुंगरं ऐकू येतात. मावशी न विचारता ताटात तिसरी भाकरी टाकतात आणि न सांगता ती तुमच्या खात्यावर मांडतात.

जेवणं झाली की खरा कार्यक्रम. साताऱ्याचा तो पोरगा बंडीच्या आतून एक घडी काढतो. कागदाला तेलाचे डाग, कडा फाटलेल्या, अंक आठवड्याभराचा शिळा. 'दीनबंधु'. पोरगा रात्रीच्या शाळेत चार इयत्ता गेलेला, ओळीखाली बोट धरून वाचतो, जोडाक्षर आलं की अडखळतो. खोलीत वाचता येणारा हा एवढाच. पण प्रत्येक वाक्यावर पंचवीस जणांचं मत आहे. कुणी "खरं हाय" म्हणतं, कुणी "पुन्ना वाच" म्हणतं, कोपऱ्यातला एक जण दर वेळी "जॉबरला हे ऐकवा" एवढंच म्हणतो; जॉबर म्हणजे कामावर माणसं घेणारा मुकादम. वर्तमानपत्र एकट्याने, मुकाट्याने, चहाबरोबर वाचायची आपली सवय इथं कुणाला सांगू नका. त्यांना ती कंजुषी वाटेल.

हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलं आणि पुढं नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालवलं. लोखंड्यांनी मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेलं आहे. त्यामुळे ते लिहितात तेव्हा त्यात तुसाचा वास असतो. पगार मागच्या महिन्याचा पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी हातात पडावा, दुपारी अर्धा तास यंत्रं थांबावीत, हात तुटला तर काही भरपाई मिळावी, आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी. १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत सभा घेऊन त्यांनी ह्या मागण्या केल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. मागण्या अगदी रोजच्या, भाजी-मिरचीच्या. मालकांनी त्या सहा वर्षं खुंटीला टांगून ठेवल्या आहेत.

आज मात्र पोरगा दुसरंच काही सांगतोय. पुण्याच्या जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'बद्दल. पुस्तक १८७३ चं, म्हणजे ह्या पोराच्याच वयाचं. समुद्रापलीकडे अमेरिका नावाचा मुलूख आहे, तिथं काळ्या माणसांना बाजारात विकत होते, पोरं आईपासून तोडून विकत होते; मग तिथल्याच काही लोकांनी झगडून त्यांना मोकळं केलं. आणि पुण्यातल्या एका फुलमाळ्यानं आपलं पुस्तक त्या लोकांना अर्पण केलं.

चिमणी फडफडते. तात्या तंबाखू मळता मळता विचारतात, "त्यांना कशाला दिलं? त्यांचं नि आपलं काय?"

कुणी उत्तर देत नाही. तात्यांचा अंगठा तळहातावर तसाच थांबलेला असतो. थोड्या वेळाने तेच म्हणतात, "म्हंजे आपण पण इकलेलेच का काय?"

इथं उत्तर देण्याचा मोह होईल. तुम्ही शिकलेले आहात, चार पुस्तकं वाचून आलाय. गप्प बसा. तो प्रश्न तात्यांचा आहे, आणि आज रात्री त्यांना झोप लागणार नाही.

त्याच पुस्तकात बळीराजाची गोष्ट आहे. आजवर कीर्तनात ऐकलेली उलटी करून सांगितलेली: वामनानं पाताळात घातलेला बळी हा शेतकऱ्यांचा न्यायी राजा, आणि जेजुरीचा खंडोबा म्हणजे त्या बळीच्या राज्यातला एक अधिकारी. ऐकणाऱ्यांत निम्मे खंडोबाचे. आपला देव आधी आपलाच माणूस होता, हे ऐकून एक जण बसल्या जागी ताठ होतो. इतिहास म्हणून त्यात किती तथ्य, हा वाद पंडितांनी घालावा. मला त्या ताठ झालेल्या पाठीत रस आहे. याच फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पवाडा रचला तेव्हाही हेच केलं होतं: डफ तोच, चाल तीच, फक्त राजा शेतकऱ्यांचा झाला. अभंगाच्या वळणाने त्यांनी अखंड लिहिले. साचा जुना, त्यावर सूत नवं.

कोपऱ्यातला म्हातारा सांगतो की त्यानं फुल्यांना स्वतः पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी, मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभागृहात, लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं तेव्हा. पुढं दोनेक महिन्यांतच पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली. तरी पुण्यात त्यांनी डाव्या हाताने पुस्तक लिहिलं. म्हातारा स्वतःचा डावा हात वर करून दाखवतो, जणू तो त्यानेच लिहायला दिलाय.

पण हे सगळे संत होते असं समजून भारावून जाऊ नका. 'शेतकऱ्याचा असूड' फुले गावोगावी लोकांना वाचून दाखवत फिरले, आणि तो छापायची वेळ आली तेव्हा ह्याच 'दीनबंधु'नं पहिली दोन प्रकरणं छापून हात आखडता घेतला. लोखंड्यांना ते फार जहाल वाटलं, फुले भडकले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांची सालटी काढली तेव्हाही चळवळीतल्याच मंडळींनी नाकं मुरडली आणि फुल्यांना त्यांचे कान उपटावे लागले. मला ही भांडणं फार आवडतात. विचार एकमेकांना गोड गोड म्हणत वाढला असता तर ह्या खाणावळीपर्यंत पोचलाच नसता.

सकाळी दाढी करून घ्या. फाटकाजवळच्या झाडाखाली न्हावी बसतो. उकिडवे बसा, मान वर. गार पाण्याचा हात गालावर फिरतो, वस्तरा चामड्यावर घासल्याचा आवाज येतो आणि मग पातं गळ्याला लागतं. आता न्हावीबुवा बोलायला सुरुवात करतात. या वेळी वाद घालू नये, हे तुम्हाला कळतंच.

ते सांगतात ते नीट ऐका. मुंबईतल्या न्हाव्यांनी यंदा सभा भरवली. शेकडो जण जमले होते, लोखंड्यांचा त्याला पाठिंबा. ठरलं असं की विधवा बाईचं डोकं भादरायचं नाही. कुणी कितीही पैसे दिले तरी नाही.

"दादा, माझ्या बापानं केलं, आज्यानं केलं," न्हावीबुवा म्हणतात, आणि वस्तरा तुमच्या हनुवटीखाली थांबतो. "आतल्या खोलीत नेतात. बारा-तेरा वर्षांची पोर असते. चार जणी धरून ठेवतात. केस पडतात ना खाली, ते लांब असतात दादा. मला वाटायचं, मी कोण, मी तर वस्तरा चालवतो. धर्म त्यांचा, पाप-पुण्य त्यांचं."

"मग?"

"मग काय. वस्तरा माझाच हाय की."

ते पुन्हा काम सुरू करतात. तुमच्या गळ्याशी काहीतरी अडकलंय आणि ते पातं नाही. शास्त्र्यांच्या वादात हा प्रश्न किती वर्षं पडून होता, ग्रंथांवर ग्रंथ काढले गेले. इथं ज्याला वाचताही येत नाही त्या माणसानं आपल्या हातातल्या हत्याराकडे बघून आपल्यापुरता निकाल लावला. दिवसाच्या कमाईत खोट येईल, यजमानांची शिव्याशापांची लाखोली येईल. त्याचा हिशेब त्याने केलेला दिसतो.

पैसा द्या आणि निघा, आज महालक्ष्मीला जायचंय.

रेसकोर्सचं मैदान. इथं एरवी साहेबांचे आणि शेठजींचे घोडे पळतात. आज, २४ एप्रिलला, त्यावर दहा हजार गिरणी कामगार जमलेत. इतकी माणसं एका जागी तुम्ही गिरणीबाहेर पाहिलेली नाहीत, आणि मजा म्हणजे ह्या माणसांनीही नाही. तापलेल्या मातीचा वास, समुद्राकडून येणारा खारट वारा, फेट्यांवर अजून तूस. चणेवाला ओरडतोय. आपापल्या गिरणीच्या, आपापल्या गावच्या टोळ्या करून लोक उभे आहेत. कोकणी एकीकडे, घाटी दुसरीकडे, आणि दोघांच्या मधली जागा गर्दी वाढेल तशी कमी कमी होत जाते. पोरगा तुमचा दंड धरून म्हणतो, "घोडं सुद्धा रोज पळवत न्हाईत, म्हाइतीय का?"

भाषणं ऐकायला पुढं सरका. ध्वनिक्षेपक नाहीत. वक्ता बोलतो, पुढच्या रांगा ऐकतात, मागच्यांना सांगतात, ते आणखी मागच्यांना. तुमच्यापर्यंत वाक्य येतं तोवर त्याला तीन गावांचा हेल चढलेला असतो. रविवार मागायचा. का मागायचा? सहा दिवस माणूस पोटासाठी राबतो, सातवा त्याने आपल्या समाजासाठी ठेवावा. आणि रविवार म्हणजे आपल्या खंडोबाचा वार.

इथं मैदान हलतं. "खंडोबाचा वार" हे शब्द मात्र न बदलता शेवटच्या रांगेपर्यंत जातात, आणि कुठूनतरी येळकोटाची आरोळी उठते.

लोखंड्यांना मी इथं हात जोडतो. साहेब रविवारी चर्चमध्ये जातो म्हणून आम्हालाही रविवार द्या, असा अर्ज करता आला असता. तो उसना रविवार झाला असता. त्यांनी तो जेजुरीहून आणला. कालपर्यंत ज्यांच्या डोक्यात सुट्टी ही वस्तूच नव्हती, त्यांना आज वाटतंय की आपल्या देवाचा दिवस कुणीतरी घेऊन बसलंय आणि तो परत हवा.

थांबा, गर्दी एकदम गप्प का झाली? दोन बायका बोलायला उभ्या राहिल्यात. गिरणीत राबणाऱ्या. दहा हजार पुरुषांसमोर. तुमच्या शेजारचा एक जण पाठ फिरवायला लागतो, तात्या त्याला कोपरानं ढोसतात. रोज खुणांनी बोलणाऱ्या ह्या बायकांचा आवाज किती मोठा आहे, हे त्यांच्याच खात्यातल्या जॉबरला आज कळतंय.

१० जूनला गिरणीमालकांच्या संघानं मान्य केलं: रविवारी गिरण्या बंद. बातमी खाणावळीत पोचली तेव्हा काय झालं? फारसं काही नाही. मावशींनी विचारलं, "म्हणजे त्या दिवशी जेवायला दोन्ही वेळ इथंच का?" आणि लगेच खर्चाचा हिशेब मांडला.

आता त्या नव्या रविवारांपैकी एकात शिरा. कौलांवर पाऊस धो धो पडतोय, चाळीच्या जिन्यात ओल्या घोंगड्यांचा वास भरलाय. भोंगा नाही. तरीही सगळे अंधारातच जागे झालेत. शरीराला अजून कुणी कळवलेलं नाही. मग पंचाईत सुरू होते, कारण मोकळ्या दिवसाचं करतात काय, ते कुणालाच ठाऊक नाही. एक जण परत झोपतो. एक जण नुसताच उंबऱ्यात बसून पाऊस बघतो आणि थोड्या थोड्या वेळाने "किती वाजलं असतील" म्हणतो. पोरगा म्हणतो, आज पूर्ण अंक वाचू, जाहिरातींसकट. कुणाला तमाशा बघायचाय, कुणी भाच्याला अक्षरं गिरवायला बसवतो. तात्या ढोलकी मागून आणतात. त्यांना वाजवता येते हे आठ वर्षं शेजारी झोपणाऱ्यांना आज कळतं.

हा गोंधळ जरा मन लावून बघा. पुढं ह्याच गर्दीसमोर सत्यशोधकी जलसे उभे राहतील. तमाशाचा गण तोच, पण गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा पुढारी, असा त्याचा अर्थ लावणारे. त्यानंतर अमर शेख, अण्णाभाऊ येतील, गिरणीत राबलेले नारायण सुर्वे कवितेत येतील. दिवसाला तेरा तास, आठवड्याला सातही दिवस राबणाऱ्या माणसांतून शाहीर कदाचित निघतोही. पण त्याला ऐकायला कोण येणार? माझं मत विचाराल तर गिरणगावाच्या साहित्याचा जमाखर्च ह्या रविवारापासून मांडायला हवा. पण तुमच्यापुढे आत्ता साहित्य नाही, एक बेसूर ढोलकी आहे आणि जिन्यावर पावलं वाजतायत.

दारात जॉबर. डोक्यावर छत्री, धोतर भिजलेलं.

"चला रे, चार-पाच जण या. साचे पुसायचेत. दोन तासांचं काम."

ढोलकी थांबते. तात्या मान वर करत नाहीत. "आज खंडोबाचा वार," ते म्हणतात. "जेजुरीला जा, त्याला इच्यारून ये. तो हो म्हणाला तर येतो."

खोली हसते. जॉबर हसत नाही. उद्या कुणाला साचा द्यायचा, कुणाला बदली म्हणून फाटकाशी ताटकळत ठेवायचं, हे तो ठरवतो, आणि हसणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे. दोघे जण हळूच उठतात, खुंटीवरची बंडी काढतात. पोरगा त्यांच्याकडे बघतो, मग कागदाकडे. जॉबरची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत येते.

"तू रं? नवा दिसतोस. येतोस का?"